शून्य-सोळावाले लायन्स सुधारले कसे? 'कल्चर'बिल्चर खरं की जिंकल्यावर चिकटवलेलं लेबल?

नोव्हीकर

धागा काढायचं निमित्त म्हणजे गेल्या आठवड्यातली ऑफिसातली मीटिंग. नवीन साहेब आलेत, आल्या आल्या 'आपल्याला कल्चर बदलायचंय' म्हणून चाळीस स्लाईड्स दाखवल्या आणि त्यातल्या एका स्लाईडवर चक्क डेट्रॉईट लायन्सचा कोच डॅन कॅम्पबेल याचा फोटो. मी मागच्या रांगेत बसून जरा जोरातच हसलो. सगळ्यांनी वळून बघितलं. आता तिथे काय सांगणार, म्हणून इथे लिहितोय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉल, अंड्यासारखा चेंडू, ३२ संघ, आधी सीझनला १६ मॅचेस होत्या आता १७. कितीही हरलात तरी खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत, उलट सगळ्यात वाईट संघाला पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या पोरांमधून पहिली निवड. म्हणजे नापास होणाऱ्याला मास्तरांनी पहिल्या बाकावर बसवायचं. डेट्रॉईट लायन्स इतकं करूनही वर्षानुवर्षं नापास. शेवटची ट्रॉफी १९५७ ची, आणि त्यानंतर २०२३ च्या सीझनपर्यंत प्लेऑफमधला विजय किती तर एक. जानेवारी १९९२. बस्स.

मी इथे डेट्रॉईटजवळ २००७ ला आलो आणि पुढच्याच वर्षी लायन्स १६ पैकी १६ हरले. १६ मॅचच्या सीझनमध्ये असं आधी कुणाचंच झालं नव्हतं. त्यात मिनेसोटाच्या मॅचमध्ये आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डॅन ऑर्लोव्हस्की मागे पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर गेला आणि त्याला पत्ताच नाही, समोरच्यांना फुकटचे दोन पॉइंट. मॅच हरलो १२-१०. कितीने? दोनाने!!

तेव्हाचं वातावरण आठवा. गाड्यांच्या कंपन्या सरकारकडे पैसे मागायला वॉशिंग्टनला गेलेल्या, आमच्या मजल्यावरून दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात फॅमिली फोटो आणि कप भरून बाहेर पडतंय. डिसेंबरात शेजारच्या क्यूबिकलमधल्या गोऱ्याने सेंट्सविरुद्धच्या मॅचची दोन तिकिटं माझ्या टेबलावर ठेवली, म्हणाला पैसे नकोत, पार्किंगचं तुझं तू बघ. गेलो. बाजूच्या सीटवर एक माणूस डोक्यात खाकी कागदी पिशवी घालून, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक. त्या भोकातून नाचोज खात होता, चीज सगळं पिशवीला लागलेलं. ४२-७ ने हरत होतो तेव्हा त्याने खिशातून दुसरी घडी केलेली पिशवी काढली आणि मला विचारलं, हवीये? मी घेतली. माझी लायन्सची पहिली वस्तू ती, टोपी नाही जर्सी नाही.

तर मुद्दा. त्यानंतर किती 'नवी सुरुवात' झाल्या. जिम श्वार्ट्झ आले, गेले. जिम कॉल्डवेल बरे होते, चार वर्षांत ३६ विजय, २८ पराभव, पण जनरल मॅनेजर बॉब क्विनना ९-७ पुरत नव्हतं म्हणून काढलं आणि २०१८ ला न्यू इंग्लंडहून मॅट पॅट्रिशिया आणले. कानाला पेन्सिल. चॅम्पियन घराण्यातून आलेले म्हणून तिथली सगळी कडक शिस्त इथे. एका पत्रकार परिषदेत प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला नीट ताठ बस म्हणून सुनावलं होतं!! डॅरियस स्लेसारखा टॉपचा कॉर्नर (पास अडवणारा बचावपटू), त्याने नंतर उघड सांगितलं की या माणसाने मला टीमसमोर घालूनपाडून बोललं. २०१९ मध्ये सीझनच्या मध्यात क्वांड्री डिग्जला, जो टीमचा कॅप्टन होता त्याला, सिएटलला देऊन टाकलं आणि ड्रेसिंगरूम तिथेच मेली. हिशोब: १३ विजय, २९ पराभव, १ बरोबरी. २०२० च्या थँक्सगिव्हिंगला ह्यूस्टनने ४१ मारले आणि दोन दिवसांत क्विन आणि पॅट्रिशिया दोघांनाही नारळ.

जानेवारी २०२१ ला ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर आणि डॅन कॅम्पबेल कोच. पहिल्याच पत्रकार परिषदेत हा धिप्पाड माणूस म्हणतो की आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून काढू. आमच्या ग्रुपवर तीन दिवस वाटी आणि मिसळीचे जोक. मी स्वतः बायकोला म्हणालो, संपलं, आता सर्कस.

आणि पुढे? २०२१ ते २०२४, विजय-पराभव-बरोबरी: ३-१३-१, ९-८, १२-५, १५-२.

आता प्रश्न असा की केलं काय नक्की? माझं मत आधीच देऊन टाकतो. ते वाटीचं भाषण वगैरे सोडा. कल्चर जे काय असेल ते हरत असताना दिसलं, जिंकताना नाही. आणि ते कोचपेक्षा मालकिणीने जास्त केलं, गप्प बसून. बोला.

फडतूस_फॅन

पहिला! पिशवीला चीज वाचून हहपुवा.

पर्वती_पायथा

छान धागा. पुण्यातून वाचतोय, आपला अनुभव आयएसएल आणि रात्रीचं प्रीमियर लीग. अडाणी प्रश्न आहेत, हसू नका.
हाताने खेळतात त्याला फुटबॉल का म्हणतात?
मालकीण म्हणजे कोण? गाडीवाले फोर्ड तेच का हे?
आणि सगळ्यात वाईट टीमला पहिली निवड, मग मुद्दाम का नाही हरत सगळे?

नोव्हीकर

पहिल्याचं उत्तर इथल्या लोकांनाही येत नाही. दुसरं, हो, तेच. हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी १९६३ मध्ये ४५ लाख डॉलरला टीम घेतली, ते २०१४ ला गेले, मग त्यांच्या पत्नी मार्था फोर्ड आणि २०२० च्या जूनपासून मुलगी शीला फोर्ड हॅम्प. साठ वर्षं एकच घर. लोक चिडून म्हणायचे कोच बदला, मॅनेजर बदला, पण मालक कसा बदलणार. बॅरी सँडर्स १९९९ ला गावाकडच्या पेपरला फॅक्स पाठवून रिटायर झाला, कॅल्विन जॉन्सन तिशीत थांबला. पिढीत एखादा निघतो असे दोन खेळाडू, दोघंही ऐन भरात सोडून गेले आणि टीमने दोघांकडून बोनसचे पैसे परत मागितले. आता यावरून घरचं वळण काय ते समजा.

तिसरं, मुद्दाम हरायला खेळाडू तयार नसतात, त्यांची नोकरी असते रे. पुढच्या वर्षी येणारा पोरगा त्यांचीच जागा घ्यायला येतो.

चिकित्सक_चिंतामणी

नोव्हीकर, लेख रंगतदार आहे पण नेहमीप्रमाणे कथा आधी आणि कारणं नंतर. मी जरा पाणी ओततो.

लायन्स सुधारले कारण त्यांची ऑफेन्सिव्ह लाइन भारी होती. क्वार्टरबॅकला वाचवणारी आणि धावणाऱ्याला वाट करून देणारी पाच दांडगी माणसं. आता बघा ती आणली कुणी. टेलर डेकर २०१६, फ्रँक रॅग्नो २०१८, जोना जॅक्सन २०२०. तिन्ही निवडी बॉब क्विनच्या! ज्याला तुम्ही पॅट्रिशियाबरोबर नारळ देऊन मोकळे झालात त्याच्या. होम्सने २०२१ मध्ये सातव्या नंबरला पेनेई सूएल घेतला ते झकास, पण पाया आधीचा.

दुसरं, स्टॅफर्ड. बारा वर्षं इमानाने खेळलेल्या क्वार्टरबॅकला रॅम्सला दिलं, बदल्यात जॅरेड गॉफ, दोन पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक तिसऱ्या फेरीची. त्यातल्या एकीच्या जोरावर वर सरकून जेमसन विल्यम्स घेतला. दुसरी होती २०२३ ची सहावी, ती ॲरिझोनाला देऊन बारावी आणि चौतिसावी घेतली, म्हणजे जमीर गिब्ज आणि सॅम लपोर्टा. हा सरळ व्यापार आहे, यात कल्चर कुठे आलं? रॅम्सनी त्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, म्हणजे फायदा त्यांनाही झाला.

पास झेलणारा अमॉन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीत ११२ वा मिळाला. याला मी नशीब म्हणतो. एवढं कळत होतं तर तीन फेऱ्या थांबले कशाला?

३-१३-१ झालं तेव्हा कोणी म्हणत होतं का वा काय कल्चर? लेबल नंतर लागतं.

फडतूस_फॅन

चिंतामणराव म्हणजे लग्नात जाऊन जिलबीतली साखर मोजणारे.

ऑबर्नहिल्सची_आत्या

चिंतामणी, हो, म्हणत होते. निदान मी म्हणत होते, कारण मी तिथे होते, सांगते ऐक.

५ डिसेंबर २०२१. तोपर्यंत एकही जिंकलेलो नव्हतो, दहा हरलो होतो आणि एक पिट्सबर्गशी पावसात १६-१६ अशी बरोबरी. आणि कसे कसे हरलो होतो! बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने ६६ यार्डवरून किक मारली, चेंडू आडव्या दांडीवर आपटून वर उडाला आणि पलीकडे पडला, लीगचा रेकॉर्ड झाला तो आपल्याविरुद्ध. मिनेसोटाने शेवटच्या सेकंदांत किक मारून हरवलं तेव्हा कॅम्पबेल पत्रकारांसमोर रडला. लोक हसले त्याला. माझे मिस्टर म्हणाले हा रडका कोच काय कामाचा. मी म्हटलं अहो थांबा, दर रविवारी आपण घरी बसून रडतो त्यात निदान एकजण तरी सोबतीला आला.

तर ५ डिसेंबर. त्या आठवड्यात मंगळवारी ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार झाला होता. चार मुलं गेली. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास पण नाही. माझी मुलगी तेव्हा दुसऱ्या हायस्कूलमध्ये, आमच्या भागातल्या शाळाही बंद ठेवल्या होत्या, पोरगी तीन दिवस खोलीतून बाहेर येईना. तिकिटं आधी काढलेली होती, जावं की नाही करत करत तिला घेऊन गेलो, म्हटलं चार माणसांत बसेल. स्टेडियम अर्धंमुर्धंच भरलेलं. मिनेसोटाविरुद्धच परत.

शेवटची चारेक मिनिटं उरलेली, आपण पुढे, आणि कॅम्पबेलने स्वतःच्याच अठ्ठावीस यार्डवर चौथ्या डाउनला किक न मारता खेळायचं ठरवलं. (पर्वती, दहा यार्ड पुढे जायला चार संधी, त्यांना डाउन म्हणतात. चौथी फसली तर चेंडू तिथेच समोरच्यांना, म्हणून सहसा किक मारून तो लांब पाठवतात. इथे आपल्याच घराजवळ जुगार.) फसलं, चेंडू गेला, त्यांनी स्कोअर केला, २७-२३. मागे एक आजोबा होते त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मग दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, टाइमआउट एकही नाही, आणि गॉफ थोडं थोडं करत घेऊन आला खाली. शेवटचा खेळ, घड्याळ शून्यावर, सेंट ब्राउनच्या हातात. २९-२७. मला आधी काही कळलंच नाही, मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं.

घरी येताना गाडीत रेडिओवर लागलं की कॅम्पबेलने तो विजय ऑक्सफर्डच्या लोकांना दिला. एक-दहा-एकच्या टीमचा कोच. ३६४ दिवसांनी जिंकलेला माणूस आधी स्वतःबद्दल बोलला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

तुझी ऑफेन्सिव्ह लाइन बरोबर असेल. पण 'कुणी म्हणत होतं का' विचारलंस म्हणून सांगितलं.

चिकित्सक_चिंतामणी

आत्या, यावर मी काही बोलत नाही.

ग्रीनबेचा_गणू

नमस्कार, मी ग्रीन बे पॅकर्सवाला, म्हणजे लायन्सच्याच गटातला दुश्मन, विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षं, शिव्या द्यायच्या तर आताच देऊन घ्या.

८ जानेवारी २०२३ ला मी लॅम्बोला, आमच्या घरच्या मैदानावर, होतो. आम्ही जिंकलो तर प्लेऑफ, साधं गणित. लायन्सना आत जायला आमच्यावर विजय तर हवाच होता पण आधी सिएटलने हरायला हवं होतं, आणि आमची मॅच सुरू व्हायच्या जरा आधी सिएटल ओव्हरटाइममध्ये जिंकलं. स्टेडियममध्ये बातमी पसरली तशी आमच्या रांगेत एकमेकांना टाळ्या, म्हटलं झालं, आता हे लोक सुट्टीच्या मूडमध्ये, विमान कधी आहे विचारत असतील.

काय सांगू. उणे तापमानात, काहीही मिळणार नसलेली टीम, असं खेळली की आमच्याच पोरांना वाटलं असेल यांना आत जायचंय. जमाल विल्यम्स, आधी आमच्याकडे होता तो, त्याने दोन टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाला नेऊन सहा पॉइंट) मारून सीझनचे १७ केले, बॅरी सँडर्सचा क्लबचा रेकॉर्ड मोडला. शेवटी कर्बी जोसेफने आमच्या क्वार्टरबॅकचा, ॲरन रॉजर्सचा, पास चोरला. २०-१६. रॉजर्स बोगद्यातून आत गेला तो आमच्या जर्सीत शेवटचा.

माझ्या शेजारची सत्तरीची बाई, जन्मापासून पॅकर्सवाली, मला म्हणाली पुढच्या वर्षी यांच्याकडे बघायला लागेल. मी हसलो होतो. आता हसत नाही. मला कल्चर दाखवायला सांगितलं तर मी ती मॅच दाखवीन, कारण त्यात मिळवायला काहीच नव्हतं.

फडतूस_फॅन

गणू, पॅकर्सवाल्यांची ती चीजची टोपी काढून बोललास म्हणून माफ.

जुना_टूलरूमवाला

फुटबॉलमधलं मला शष्प कळत नाही, पण त्या पेन्सिलवाल्या कोचचं वाचून राहवलं नाही. मी पिंपरीत एका पार्ट्सच्या कारखान्यात टूलरूमला तेवीस वर्षं होतो. आमच्याकडे एका मोठ्या नावाजलेल्या कंपनीतून प्लँट हेड आले होते. आले ते तिकडची पद्धत घेऊनच आले. फळ्यावर रोज रिजेक्शनचे आकडे लाल खडूने, ज्याच्या मशीनचे जास्त त्याचं नाव सगळ्यांसमोर. तिकडे चालत असेल हो, कारण तिकडे मशीनं नवी होती. आमची लेथ १९७१ ची, तिचा बेड झिजलेला, त्यात माणसाने काय करायचं? सहा महिन्यांत काय झालं सांगतो, रिजेक्शन कमी झालं. फळ्यावर. खराब जॉब लोक डब्याच्या पिशवीतून घरी न्यायला लागले.

नंतर आले ते साहेब आमच्यातलेच, अप्रेंटिसपासून वर चढलेले. त्यांनी पहिल्या दिवशी लेथपाशी उभं राहून विचारलं, हिला काय होतंय. एवढंच. तुमचा तो वाटीवाला कोच स्वतः खेळलेला आहे का?

नोव्हीकर

दादा, एकदम वर्मावर बोट ठेवलंत. खेळलेला आहे, आणि कुठे? लायन्सकडेच! २००६ ते २००८. म्हणजे त्या शून्य-सोळाच्या टीममध्ये कॅम्पबेल स्वतः होता, दुखापत होऊन बहुतेक सीझन बाहेर बसला. हे मी वर लिहायला विसरलो, मूर्खपणा.

आणि त्याने आणलेले मदतनीस बघा. ॲरन ग्लेन, ड्यूस स्टेली, अँट्वान रँडल एल, मार्क ब्रुनेल, सगळे लीगमध्ये वर्षानुवर्षं मार खाल्लेले. २०२२ च्या सराव शिबिरात हा माणूस पोरांबरोबर स्वतः जमिनीवर आपटून उठबशा काढत होता, टीव्हीवर दाखवलं होतं. तुमच्या लेथपाशी उभं राहण्यातलाच प्रकार.

चिंतामणराव, तुमच्या क्विनच्या मुद्द्याला मान्यता, लाइनचा पाया त्याचाच. पण तीच लाइन पॅट्रिशियाकडे होती ना? डेकर होता, रॅग्नो होता. तरी शेवटच्या वर्षी ४-७ वर नारळ. सामान तेच, स्वयंपाकी बदलला.

आता मालकिणीचं सांगतो म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२२, टीम १-५. कॅम्पबेलचा एकूण हिशोब तेव्हा ४-१८-१ होता. रेडिओवर रोज 'काढा त्याला'. त्या आठवड्यात शीला हॅम्प स्वतः सरावाच्या ठिकाणी पत्रकारांसमोर आल्या आणि म्हणाल्या की हे अवघड आहे, पण मुळापासून बांधणी चालू आहे, माझा दोघांवर विश्वास आहे. त्यांनी एवढं बोलल्यावर चारच दिवसांनी परत हरले, मायामीविरुद्ध, १-६. अशा वेळी दहापैकी नऊ मालक शब्द फिरवतात. नाही फिरवला. पुढच्या दहापैकी आठ जिंकले.

आणि सगळं गोड गोड नव्हतं हं. मायामीच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पबेलने बचावातल्या मागच्या फळीच्या कोचला काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पास झेलणारा टीजे हॉकेन्सन मिनेसोटाला दिला, आपल्याच गटातल्या दुश्मनाला. माणसाला सांभाळणं म्हणजे सगळ्यांना सांभाळणं असं माझं म्हणणं नाही.

चिकित्सक_चिंतामणी

ठीक, आता मुद्द्याचं बोलतोय तुम्ही. संयम हे मी कारण म्हणून घ्यायला तयार आहे, कारण त्याची तारीख आणि आकडा दाखवता येतो. पण एक काडी टाकतो.

एप्रिल २०२३, बेटिंगचं प्रकरण. टीमचे चार खेळाडू सापडले. क्विंटेझ सेफस आणि सीजे मूर, दोघांना त्याच दिवशी घरी पाठवलं. जेमसन विल्यम्सला मात्र ठेवलं, तो पहिल्या फेरीतला, बाराव्या नंबरचा. मग ही कसली शिस्त? हुशार पोराला छडी नाही आणि मागच्या बाकावरच्याला शाळेतून काढायचं.

ऑबर्नहिल्सची_आत्या

अर्धं सांगू नकोस चिंतामणी. ते दोघे याच लीगच्या मॅचेसवर पैसे लावत होते, विल्यम्सने दुसऱ्या खेळावर लावले पण टीमच्या जागेत बसून, म्हणून त्याला सहा मॅचची बंदी, नंतर ती चारची झाली. गुन्हा वेगळा. आणि मूरला बंदी उठल्यावर २०२४ मध्ये परत घेतलं की.

चिकित्सक_चिंतामणी

मूरचं मान्य. तरी चौथ्या फेरीतला असता तर विल्यम्सही गेला असता, हे माझं मत राहील.

फडतूस_फॅन

हे आत्यांनी पण मनातल्या मनात मान्य केलंय.

ऑबर्नहिल्सची_आत्या

गप रे.

पर्वती_पायथा

मला गॉफबद्दल सांगा कुणीतरी. बदल्यात आलेला माणूस म्हणजे एक्स्चेंज ऑफरमधली जुनी मिक्सी ना? तो इतका कसा चालला?

नोव्हीकर

मिक्सी, हाहा. अगदी तसंच आलेला. २०१६ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, रॅम्सना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि मग नकोसा झाला. सगळ्यांना वाटलं वर्ष दोन वर्ष भागवतील आणि नवा घेतील. पहिल्या वर्षी सीझनच्या मध्यात कॅम्पबेलने खेळ सांगायचं काम ऑफेन्सच्या कोऑर्डिनेटरकडून स्वतःकडे घेतलं, बेन जॉन्सन नावाच्या तरुण कोचला हाताशी धरलं, पुढच्या वर्षी त्यालाच कोऑर्डिनेटर केलं आणि गॉफ सुटला. म्हणजे माणसाला काय येतं ते बघून त्याच्याभोवती खेळ रचला, पॅट्रिशियाच्या बरोबर उलट.

१४ जानेवारी २०२४, घरच्या मैदानावर प्लेऑफ, समोर कोण, तर रॅम्स आणि स्टॅफर्ड! लेखकाने लिहिलं असतं तर फिल्मी म्हणून फाडून टाकलं असतं. २४-२३ ने जिंकलो, ३२ वर्षांनी. शेवटी अख्खं स्टेडियम 'जॅ-रेड-गॉफ' ओरडत होतं, मी बेसमेंटमध्ये ओरडत होतो, वरून बायको आली की काय झालं, बीपीची गोळी घेतली का. नंतर ड्रेसिंगरूममध्ये कॅम्पबेलने त्याच्या हातात चेंडू दिला आणि सांगितलं की डेट्रॉईटला तू पुरेसा आहेस. मध्ये एक शिवी होती ती इथे चालणार नाही.

ग्रीनबेचा_गणू

आणि दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाइमला २४-७ पुढे असून ३४-३१ ने हरलात, तेही सांगा. दोनदा किक मारून तीन तीन घेता येत होते, कॅम्पबेलने दोन्ही वेळा चौथ्या डाउनला जुगार खेळला. दोन्ही फसले.

नोव्हीकर

जखमेवर मीठ नको. पण बघ, ५ डिसेंबरला अठ्ठावीस यार्डवर जे केलं तेच त्याने तिथे केलं. ज्या वागण्यामुळे तिथवर गेले त्याच वागण्याने घरी आले. मी त्या रात्री चिडलो होतो, अजूनही दोनपैकी एकदा तरी किक मारायला हवी होती असंच वाटतं. कल्चर म्हणतात त्याला ही पण बाजू असते, हट्टाची. साहेबांच्या स्लाईडवर ती नव्हती.

चिकित्सक_चिंतामणी

खरी परीक्षा २०२५ च्या सीझनची. १५-२ होऊन जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर ४५-३१, पाच वेळा चेंडू हातचा घालवला. बचावात निम्मे दवाखान्यात, बचावातल्या हुकमी हचिन्सनचा पाय ऑक्टोबरातच डॅलसला मोडलेला. त्यात बेन जॉन्सन शिकागोला हेड कोच, आपल्याच गटात. ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला. रॅग्नो जूनमध्ये रिटायर. कल्चर इमारतीत असतं की माणसांत, त्या सीझनमधून कळेल. मी वही घेऊन बसलोय.

जुना_टूलरूमवाला

आमचे ते दुसरे साहेब रिटायर झाल्यावर दीड वर्ष टिकलं. मग नवा फळा आला.

फडतूस_फॅन

दादा मूड घालवला.

पर्वती_पायथा

मला यांची एक मॅच बघायचीये. पुण्यातून झेपेल अशी वेळ असते का?

ऑबर्नहिल्सची_आत्या

थँक्सगिव्हिंगची बघ. १९३४ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, त्या दिवशी लायन्स घरच्या मैदानावर खेळतात. आमच्याकडे दुपारी साडेबारा-एक, म्हणजे तुमच्याकडे रात्री अकरा-साडेअकरा. जेवून बस. तीन-साडेतीन तास चालते, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाक.

पर्वती_पायथा

टाकतो. नोव्हीकर काका, एकच राहिलं. ती पिशवी अजून आहे का हो?

नोव्हीकर

आहे ना, बेसमेंटमध्ये. बायकोने त्यात लसूण ठेवलाय. भोकं असल्यामुळे हवा खेळती राहते म्हणते.